दाढीनंतरची आग, पुरळ आणि केसतोडा: पाणी, ब्लेड, हात, मलम

दुधनाकाठ · सकाळी ७:१०

ऊन तापायला लागलं की गळ्याची आग, कॉलरखालचं लाल पुरळ, हनुवटीखालच्या फुटकुळ्या सुरू होतात. लोक पहिला संशय ब्लेडवर घेतात, दुसरा क्रीमवर, आणि शेवटी झोंबणारं आफ्टरशेव्ह आणून त्याच कातडीवर ओततात. सलूनच्या खुर्चीमागे उभं राहून बघणाऱ्याला दोष बहुतेक वेळा तीन जागी दिसतो: केस नीट भिजलेला नसतो, हाताचा दाब जास्त असतो आणि ब्लेड केसाच्या उलट्या दिशेने फिरलेलं असतं. घरी करायच्या दाढीचं मी लिहितो. पाण्याचं, औषधाचं ज्यांना कळतं त्यांनी भर घालावी.

आधी दिशा. दोन दिवस दाढी वाढू द्या आणि कापसाचा बोळा गालावरून, जबड्यावरून, गळ्यावरून हलका फिरवा. जिकडे बोळा अलगद घसरतो ती केसाची दिशा. जिथे तंतू अडकून राहतात ती उलटी. गालावर केस बहुतेक खालीच जातो. खरा घोळ गळ्यावर असतो. कंठाखाली केस बऱ्याच जणांचे वर वाढतात, जबड्याच्या कोनाखाली आडवे मानेकडे जातात, कुणाला तिथे भोवराही असतो. अशा गळ्यावर वरून खाली ओढलेला प्रत्येक हात उलटा हात होतो, आणि माणूस मात्र म्हणतो की मी सुलटीच दाढी करतो. गळ्याचे मनात चार तुकडे पाडा आणि प्रत्येकाची दिशा पक्की करा. हे काम एकदाच करावं लागतं.

मग भिजवणं. केसात पाणी मुरायला २ ते ३ मिनिटं लागतात. आंघोळीनंतर लगेच दाढी केली तर ते आपोआप होतं. नाहीतर कोमट पाण्यात पिळलेला पंचा २ मिनिटं तोंडावर धरा. पाणी मनगटाला सोसवेल इतकंच गरम असावं. कढत पाण्याने कातडी आधीच लाल होते आणि तिचं तेल निघून जातं.

ब्रश २ मिनिटं पाण्यात बुडवून दोनदा झटका. क्रीम दोन हरभऱ्यांएवढं पुरतं. गोल गोल १ मिनिट घोळवा आणि ब्रशच्या टोकाला ५-६ थेंब पाणी घेत घेत फेस चढवा. चांगला फेस घट्ट दह्यासारखा चकाकतो, त्यात मोठे बुडबुडे दिसत नाहीत. फेस पांढराफटक आणि ब्रश ओढल्यासारखा लागला तर पाणी कमी पडलंय. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये हवा इतकी कोरडी असते की फेस दीड-दोन मिनिटांत वाळतो. तेव्हा पंखा आणि कूलर बंद करा, अर्ध्याच चेहऱ्याला फेस लावा, तेवढा भाग उरका, मग दुसरा. वाळलेल्या फेसावरून ब्लेड फिरवणं ही कोरडी दाढीच आहे.

कोन सापडत नसेल तर असं करा. रेझरची टोपी गालावर सपाट टेकवा, दांडा चेहऱ्याला काटकोनात. आता दांडा हळूहळू खाली आणा. ब्लेड केसाला लागल्याचा आवाज आला की थांबा, तोच कोन. ब्लेड कातडीशी साधारण ३० अंशांत येतं. दांडा अगदी शेवटाला, अंगठा आणि दोन बोटांत धरा, म्हणजे दाब देताच येत नाही; रेझरचं वजन पुरेसं असतं. हात २-३ सेंटिमीटरचे छोटे. दोन हात झाले की ब्लेड पाण्यात हलवा. फेस निघालेल्या जागेवर पुन्हा ब्लेड टेकवायचं नाही, एक केस राहिला तरी. बोटाने फेस लावा, मगच.

पहिला फेर सुलटा. पुन्हा फेस लावून दुसरा फेर आडवा. ज्याला आग होते त्याने गळ्यावर पहिल्या फेरालाच थांबावं. बोटाला जराशी खरखर लागली तरी चार हातांवरून बघणाऱ्याला दाढी स्वच्छच दिसते.

शेवटी थंड पाणी, पंच्याने टिपणं (घासणं नाही), आणि कातडी ओलसर असतानाच वाटाण्याएवढं बिनवासाचं मॉइश्चरायझर.

लेंडी · सकाळी ८:०२

दादा, आमच्याकडं बोअरचं पाणी. क्रीम कितीबी लावा, फेस खाली बसायलाय. तोंड धुतलं तरी कातडीवर चिकट पापुद्रा राहतो, मग दिवसभर ताणल्यासारखं होतं. कोणती क्रीम घ्यावी?

तेरणा · सकाळी ८:३५

क्रीम तीच ठेवा लेंडीभाऊ, पाणी बदला. काळ्या बेसॉल्ट खडकाच्या भेगांतून झिरपून आलेल्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार उतरतात. दाढीचा साबण किंवा क्रीम म्हणजे मुख्यतः स्टिअरिक आम्लाचं पोटॅशियम-सोडियमचं लवण. कॅल्शियम भेटला की त्याचं न विरघळणारं लवण बनतं. तुम्ही म्हणता तो चिकट पापुद्रा तोच. फेस करायला लागणारा साबण त्यात खर्ची पडतो, ब्लेडखाली वंगण उरत नाही, आणि पापुद्रा कातडीवर राहून ती कोरडी पाडतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण कठीणपणाची, म्हणजे याच क्षारांची, स्वीकारार्ह मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. दाढीचा फेस हे क्षार कमी असतील तरच नीट टिकतो.

जड, म्हणजे असे क्षार जास्त असलेल्या, पाण्याच्या घरगुती खुणा सगळ्यांना ठाऊक आहेत: तुरीची डाळ लवकर शिजत नाही, गीझरच्या कॉइलवर आणि नळाच्या तोंडावर पांढरा थर चढतो. नेमकं बघायचं तर आंघोळीच्या साबणाचा हरभऱ्याएवढा तुकडा अर्धा कप आरओच्या पाण्यात विरघळवा. पारदर्शक बाटलीत १०० मिली घरचं पाणी घ्या, त्यात साबणाच्या पाण्याचे १० थेंब टाका, झाकण लावून २० वेळा हलवा. फेस ५ मिनिटं उभा राहिला आणि खालचं पाणी स्वच्छ दिसलं तर पाणी मऊ. फेस लगेच विरला आणि पाणी दुधी झालं तर जड. कपडे धुण्याची पावडर या चाचणीला चालत नाही, तिचा फेस जड पाण्यातही येतो. टीडीएस मीटरवरही विसंबू नका. तो सगळे क्षार एकत्र मोजतो; फेस मोडणारा कॅल्शियम किती आणि निरुपद्रवी सोडियम किती हे त्यावरून कळत नाही.

उपाय स्वस्त आहे. दाढीला लागतं २५० मिली पाणी. आरओचं किंवा २० लिटरच्या जारमधलं दोन वाट्या घ्या: एकीत ब्रश भिजवायचा आणि फेस करायचा, दुसरी शेवटच्या धुण्याला. मधे रेझर खळखळायला बोअरचं चालेल. जार नसेल तर पाणी १० मिनिटं खळखळ उकळून गार करा आणि तळाचा पांढरा गाळ न हलवता वरचं ओता. बायकार्बोनेटचा कठीणपणा असा निघतो. सल्फेट-क्लोराइडचा उकळून जात नाही, त्यामुळे काही गावांत उकळून फरक पडतो आणि काही गावांत पडत नाही. आरओच्या टाकाऊ नळीचं पाणी मात्र घेऊ नका, त्यात क्षार आणखी दाट झालेले असतात. पावसाळ्यात पहिल्या दोन-तीन सरींनी छत धुतल्यावर धरलेलं पाणी सगळ्यांत मऊ.

पूर्णाकाठ · सकाळी ९:२०

ब्लेडबद्दल दोन गोष्टी, कारण चांगला हात असूनही इथे घोटाळा होतो.

दोन्ही बाजूंनी धार असलेल्या ब्लेडच्या रेझरला तीन भाग असतात: वरची टोपी, खालची दातेरी किंवा सपाट पट्टी, आणि दांडा. ब्लेड टोपीच्या खुंट्यांत बसवून दांडा नुसता फिरवला तर ब्लेड किंचित तिरकं आवळलं जातं. एका बाजूला धार जास्त बाहेर, दुसरीकडे आत. मग चेहऱ्याची एकच बाजू जळते आणि दोष क्रीमवर येतो. टोपी उलटी धरा, ब्लेड ठेवा, पट्टी ठेवा, मग बोटांनी ब्लेडच्या बिनधारेच्या दोन आखूड कडा दाबून धरत दांडा आवळा. उजेडाकडे धरून दोन्ही बाजूंची धार पट्टीच्या बाहेर सारखी दिसते का बघा. कमी-जास्त दिसली तर सैल करून पुन्हा.

असं ब्लेड ३ ते ५ दाढ्या चालतं, कार्ट्रिज (पाती बसवलेलं तयार डोकं) ५ ते ७. राठ केसाला याहून कमी. दिवस मोजण्यापेक्षा हात ओळखा: गालावर ब्लेड केस ओढायला लागलं की त्याच दिवशी बदला. बोथट ब्लेडला दाब द्यावा लागतो आणि दाबाने कातडीचा वरचा थर खरवडला जातो. दाढीनंतर ब्लेड धुऊन झटका आणि बाथरूमच्या बाहेर कोरड्या जागी उभं ठेवा. धार पंच्याला पुसू नका, ती वाकते.

जुनी ब्लेडं कचऱ्यात सुटी टाकू नका. झाकणाच्या पत्र्याच्या डबीला चीर पाडून तीत टाकत जा. भरली की चिकटपट्टीने बंद करून वेगळी द्या. घंटागाडीवरच्या माणसांचे हात त्याने कापतात.

मांजरा · सकाळी ९:४८

दुधनादादा, एक विचारतो. सलूनात कारागीर अंगठ्यानं कातडी ताणूनच हात मारतात. तुम्ही ताणण्याचं काहीच लिहिलं नाही. ताणावी का नाही?

दुधनाकाठ · सकाळी १०:०५

सरळ केस असलेल्याची कातडी हलकी ताणली तर वस्तरा अडखळत नाही. कंठाच्या उंचवट्यावर तर घोट गिळल्यासारखं करून कातडी बाजूला सरकवूनच घ्यावी लागते. पण ज्याचे केस कुरळे, ज्याला गळ्यावर गाठी येतात, त्याची ताणू नये. त्यामागचं कारण सिंदफणाताईंनी सांगावं, त्या रोज तेच बघतात.

सिंदफणा · दुपारी १:१५

कारण असं की ताणलेल्या कातडीवर कापलेला केस सोडल्यावर आत ओढला जातो. त्याचं टोक तिरकं, सुईसारखं अणकुचीदार असतं. कुरळा केस वाढताना वळतो आणि छिद्रातून बाहेर येण्याआधीच भिंत टोचून आत शिरतो, किंवा बाहेर येऊन कमान करून शेजारच्या कातडीत घुसतो. शरीर त्याला काट्यासारखं परकं समजतं आणि भोवती गाठ करतं. एकापेक्षा जास्त पात्यांच्या कार्ट्रिजमध्ये हेच जास्त होतं. पहिलं पातं केस थोडा ओढून धरतं, तो परत आत जायच्या आत दुसरं पातं त्याला पृष्ठभागाखाली कापतं. दोन पात्यांचं कार्ट्रिज १९७१ मध्ये बाजारात आलं ते गुळगुळीत दाढीसाठी. सरळ केसाला ते सोसतं, कुरळ्याला नाही.

आता मुख्य गोष्ट. "दाढीचं पुरळ" या एकाच नावाखाली निदान चार वेगळे आजार येतात आणि एकाचं औषध दुसऱ्याला बिघडवतं. मलम विकत घ्यायच्या आधी आरसा आणि उजेड घ्या.

साधी वस्तऱ्याची आग: दाढीनंतर काही मिनिटांत ते काही तासांत, जिथे ब्लेड फिरलं तिथे सलग लाली, चरचर, पू नाही. एक ते तीन दिवसांत आपोआप जाते. थंड पाण्यात पिळलेला सुती कपडा १० मिनिटं, दिवसातून तीन-चारदा. कॅलामाइन किंवा साधं बिनवासाचं मॉइश्चरायझर, फार तडकली असेल तर रात्री पेट्रोलियम जेलीचा पातळ हात. कातडी पूर्ववत होईपर्यंत दाढी नाही. लिंबू, टूथपेस्ट, पातळ न केलेलं अँटिसेप्टिक द्रव यांतलं काहीही नाही. ती द्रवं नुसती लावली तर स्वतःच भाजल्यासारखी जखम करतात.

आत वळलेले केस: गळ्यावर, जबड्याखाली सुट्या सुट्या टणक गाठी, दाढीनंतर एक-दोन दिवसांनी. भिंगातून बघितलं तर गाठीत केसाची कमान दिसते. जुन्या गाठी काळ्या डागांत बदलतात. इथे पहिलं औषध म्हणजे दाढी थांबवणं, ३ ते ४ आठवडे. ट्रिमरने १ मिलिमीटर ठेवलेली चालते. पहिल्या आठवड्यात गाठी वाढल्यासारख्या वाटतात, कारण अडकलेले केस आणखी आत टोचतात. तिथे धीर सोडू नका. केस लांबला की तो स्वतःच्या ताणाने सुटतो. कमान दिसत असेल तर स्पिरिटने पुसलेल्या सुईने कमानीखालून फक्त टोक सोडवा. उपटू नका. उपटलेल्या जागी येणारा नवा केस पुन्हा आतच वाढतो.

केसतोडा: केसाच्या मुळाशी पिवळसर पुवाची पुळी, मधोमध केस, दुखते. बहुतेक वेळा स्टॅफिलोकॉकस जिवाणू. गरम पाण्याचा शेक १० मिनिटं, दिवसातून तीनदा. बेन्झॉइल पेरॉक्साइड २.५ टक्क्यांचं धुण्याचं जेल एक-दोन मिनिटं ठेवून धुवायचं. त्याने पंचे आणि उशीचे अभ्रे रंग सोडतात, पांढरेच वापरा. पुळ्या थोड्या असतील तर डॉक्टर म्युपिरोसिन २ टक्के मलम देतात. नाक आणि वरच्या ओठाच्या भागातली पुळी कधीही दाबायची नाही. ताप, पसरणारी लाली, डोळ्याभोवती सूज आली तर त्याच दिवशी दवाखाना.

चौथा आजार बुरशीचा, तो गावाकडे निसटतो म्हणून वेगळं लिहिते.

सिंदफणा · दुपारी १:४०

दाढीतला नायटा. एका बाजूला गोल किंवा अर्धगोल चट्टा, कडा उठावदार, खाज. किंवा सुजलेला मऊ गोळा, ज्यातून पू येतो आणि केस चिमटीत धरला की न दुखता निघतो. साध्या केसतोड्यात केस असा सहज निघत नाही. जनावरांत राहणाऱ्यांनी याकडे जास्त लक्ष द्यावं. वासरांच्या डोळ्यांभोवती, मानेवर राखाडी खपल्यांचे गोल चट्टे येतात तीच बुरशी माणसाच्या दाढीत येते. वासराला गालाने खेटलं, गोठ्यातला पंचा तोंडाला पुसला, एवढं पुरतं. नुसत्या मलमाने हा बरा होत नाही, कारण बुरशी केसाच्या मुळात खोल असते. पोटातून काही आठवडे गोळ्या घ्याव्या लागतात, त्याही डॉक्टरांनी तपासून. वासराचाही इलाज पशुवैद्यकाकडून करा, नाहीतर परत लागण होते.

बालाघाट · दुपारी २:२५

ताई, मेडिकलवर गेलं की तीन औषधांचं मिळून एकच मलम हातात देतात. बुरशी, जिवाणू, खाज, सगळ्यांवर चालतं म्हणतात. दोन दिवसांत उतारही पडतो. ते वापरायचं का नाही?

सिंदफणा · दुपारी ३:०५

नाही. उतार पडतो तो त्यातल्या स्टेरॉइडमुळे. लाली, खाज दबते आणि बुरशी निवांत पसरते. चट्ट्याची कडा पुसट झाल्याने पुढे डॉक्टरलाही ओळखायला अवघड जातं. चेहऱ्याची कातडी पातळ, त्यामुळे काही आठवड्यांतच ती आणखी पातळ होते, लाल रक्तवाहिन्या दिसायला लागतात, मुरमं उठतात, आणि मलम थांबवलं की आग दुप्पट होऊन येते. मग माणूस पुन्हा तेच मलम लावतो. ही सवय मोडणं मूळ आजारापेक्षा कठीण असतं, आणि यातली बरीच माणसं दाढीच्या साध्या आगीपासून सुरुवात केलेली असतात याचं फार वाईट वाटतं.

ट्यूबवरची घटकांची ओळ वाचा. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांतलं काही असेल तर ते स्टेरॉइड. क्लोट्रिमाझोल, केटोकोनाझोल, ल्युलिकोनाझोल ही बुरशीची औषधं वेगळी. शेवटच्या "झोल" आणि "सोल" मध्ये गल्लत करू नका. उजळपणाच्या बिननावाच्या डब्यांतही स्टेरॉइड निघतं. महिनोन् महिने लावत आला असाल तर एकदम बंद न करता त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. हायड्रोकॉर्टिसोन १ टक्का हे स्टेरॉइड सौम्य आहे, पण तेही चेहऱ्यावर डॉक्टरांनी सांगितलेल्या तीन-चार दिवसांपुरतंच.

वारंवार आत वळणाऱ्या केसांसाठी लांब पल्ल्याचं काही हवं असेल तर रात्री अ‍ॅडापॅलीन ०.१ टक्का जेल, पूर्ण दाढीच्या भागाला मिळून वाटाण्याएवढं. पहिले दोन आठवडे एक रात्र सोडून. दाढी केली त्या रात्री लावू नका. सुरुवातीला कातडी सोलते; फरक दिसायला ८ ते १२ आठवडे लागतात. गरोदर स्त्रियांनी ते वापरू नये. लेसरने केस काढायचे असतील तर आपल्या सावळ्या रंगाला १०६४ नॅनोमीटरचा एनडी-याग लेसर सुरक्षित. कुठला यंत्रप्रकार आहे ते विचारूनच पैसे भरा. काळे डाग जायला महिने लागतात, आणि उन्हात जाताना एसपीएफ ३० चं सनस्क्रीन नसेल तर ते जातच नाहीत.

मांजरा · दुपारी ४:१०

तुरटीचं कुणी बोललं नाही. घरोघरी असते.

दुधनाकाठ · दुपारी ४:३०

तुरटी वापरावी, रीत धरून. ती आकुंचन करणारी आहे, बारीक छेदातलं रक्त थांबवते. खडा ओला करून कापलेल्या जागेवर १५-२० सेकंद दाबा. सगळ्या चेहऱ्याला फिरवली तर १ मिनिटाने धुऊन टाका. वाळू दिली की कातडी ओढली जाते आणि कोरड्या हवेत तडकते. कुठे जास्त झोंबली ते लक्षात ठेवा, तिथे तुमचा दाब जास्त पडलेला असतो. दाब तपासायला याहून चांगलं साधन मला ठाऊक नाही.

एक खडा दहा जणांच्या गालावर फिरवणं मात्र बंद झालंच पाहिजे. सलूनात तुरटीची भुकटी १ चहाचा चमचा (सुमारे ५ ग्रॅम) १०० मिली स्वच्छ पाण्यात विरघळवून ठेवावी आणि कापसाच्या नव्या बोळ्याने लावावी.

बालाघाट · संध्याकाळी ५:१५

सलूनच्या स्वच्छतेवर भर घालतो. तुरटीने कावीळ-बी, कावीळ-सी किंवा एचआयव्हीचा विषाणू मरत नाही. कावीळ-बी चा विषाणू वाळलेल्या रक्तात, शरीराबाहेर किमान ७ दिवस टिकतो. म्हणून गिऱ्हाइकाने ब्लेडचा कागद आपल्यासमोर फोडायला सांगावं. अर्धं मोडलेलं ब्लेड आधीच वस्तऱ्यात बसवलेलं असेल तर बदलून मागावं; चांगल्या कारागिराला त्याचा राग येत नाही. कावीळ-बी वर लस आहे, कारागिरांनी तिचे तीन डोस पूर्ण करावेत. सी वर लस नाही.

वस्तऱ्याची पकड प्रत्येक गिऱ्हाइकानंतर साबणाने धुऊन ७० टक्के स्पिरिटने पुसावी. रक्त लागलं असेल तर ब्लीच (चेहऱ्याचं नव्हे, सोडियम हायपोक्लोराइटचं द्रव). बाजारातलं साधारण ५ टक्क्यांचं असतं. १ भाग ब्लीचला ९ भाग पाणी, १० मिनिटं बुडवून लगेच धुऊन कोरडं करायचं, जास्त ठेवलं तर लोखंड गंजतं. हे द्रावण रोज ताजं करा. पंचे उकळत्या पाण्यात धुऊन कडक उन्हात. आपल्याकडे उन्हाची कमी नाही.

दुधनादादांनी सांगितलेलं खुर्चीत बसल्या बसल्याच बोला: "गळ्याला उलटा हात नको, कातडी ताणू नका." केल्यावर सांगून उपयोग नसतो.

पूर्णाकाठ · संध्याकाळी ६:०२

श्रावण पाळणाऱ्यांसाठी आत्ताच लिहून ठेवतो. महिनाभर वाढलेल्या दाढीवर सरळ ब्लेड लावू नका. लांब केस पात्यात गुंततात, ओढले जातात आणि मुळं सुजतात. आधी कात्री किंवा मशीनने १ मिलिमीटरपर्यंत आणा, धुवा, मग ३ मिनिटं भिजवून एकच सुलटा फेर.

लेंडी · संध्याकाळी ६:४०

शेतात दिवसभर घाम. कापूस वेचायच्या दिवसांत तर धूळबी. सकाळी दाढी करून गेलं की दुपारपर्यंत गळा पेटतोय. काय करावं?

दुधनाकाठ · संध्याकाळी ७:०५

दाढी रात्री करा भाऊ, आंघोळ झाल्यावर. ताज्या खरवडलेल्या कातडीवर घामाचं मीठ, धूळ आणि फवारणीचा अंश बसला की साधी आगही वाढते. रात्री केली तर कातडीला आठ-दहा तास मिळतात. गळ्याला टेरिकॉटचा रुमाल गुंडाळू नका, सुती ओला रुमाल ठेवा आणि तो रोज धुवा. फवारणीच्या दिवशी किंवा आदल्या रात्री दाढीच करू नका.

तेरणा · रात्री ८:१०

सिंदफणाताई, मिशीला काळी मेंदी लावल्यावर ओठ सुजतो, तेही दाढीचंच पुरळ समजतात. त्याचं सांगा.

सिंदफणा · रात्री ९:००

ते वेगळं. काळ्या मेंदीत आणि बहुतेक काळ्या कलपात पीपीडी नावाचं रसायन असतं. त्याचं वावडं आलं की एक-दोन दिवसांत खाज, सूज, पाणी सुटणारे फोड येतात, आणि एकदा आलं की पुढच्या प्रत्येक वेळी जास्त जोराने येतं. असं झालेल्याने तो कलप पुन्हा लावायचा नाही, कंपनी बदलूनही नाही. ज्यांना त्रास नाही त्यांनीही दाढी आणि कलप यांत दोन दिवसांचं अंतर ठेवावं.

क्रीमच्या किंवा आफ्टरशेव्हच्या वासाचंही वावडं असतं. त्यात आगीपेक्षा खाज जास्त, आणि ब्लेड न फिरलेल्या जागेवरही पुरळ. नवीन वस्तू कोपराच्या आतल्या बाजूला दिवसातून दोनदा, ७ दिवस लावून बघा, मगच चेहऱ्याला. धुऊन टाकायच्या क्रीमचा तिथेही पाच मिनिटांनी हात धुवायचा. घरच्या कोरफडीलाही हाच नियम. पान कापून १५ मिनिटं उभं ठेवा, पिवळा चीक निथळू द्या, तो कातडीला झोंबतो. मग गर धुऊन घ्या. गर एक दिवसच वापरा.

गोदामाय · रात्री ९:२५

ताई, हातापायांचे आणि काखेतले केस काढताना बायकांनाही हेच होतं. आम्ही वेगळं काही करायचं का?

सिंदफणा · रात्री ९:४०

नियम तेच, गोदाताई. आंघोळीच्या शेवटी करा. पायाला वरून खाली; काखेत केस वेगवेगळ्या दिशांना असतात, म्हणून फेस लावून छोटे हात. काखेत त्या दिवशी डिओडरंट नको. मांडीच्या आतल्या बाजूला ब्लेडपेक्षा ट्रिमर बरा, आणि दोन दिवस सैल सुती कपडे. रेझर घरातल्या कुणाशीही वाटून घ्यायचा नाही, नवऱ्याशीही नाही.

मांजरा · रात्री १०:०५

शेवटचं विचारतो. पोलीस, राखीव दल, कंपनीतली सुरक्षा, यांना रोज स्वच्छ दाढी लागते. चार आठवडे थांबा म्हणलं तर कसं जमायचं? आणि साखरेच्या माणसानं काय करावं?

सिंदफणा · रात्री १०:३०

आत वळलेल्या केसांचं निदान लेखी घेऊन वरिष्ठांना दाखवा. काही ठिकाणी ट्रिमरची १ मिलिमीटरची दाढी काही आठवडे चालवून घेतात. तेही शक्य नसेल तर जाळी न टेकवता, कातडीपासून किंचित वर धरून चालणारं इलेक्ट्रिक मशीन, एक दिवसाआड. गाठी बसल्यावर एका पात्याच्या रेझरने फक्त सुलटा फेर सुरू करा. त्याआधी रात्री मऊ टूथब्रश ओला करून गळ्यावर अर्धा मिनिट गोल फिरवा, आत वळायला निघालेली टोकं सुटतात.

मधुमेह असलेल्यांनी आणि रक्त पातळ होण्याच्या गोळ्या घेणाऱ्यांनी ब्लेड सोडून ट्रिमर धरावा. कापलंच तर साबण-पाण्याने धुऊन ५ मिनिटं सलग दाबून धरा, मधे मधे उचलून बघू नका. जखम चार दिवसांत सुकली नाही, किंवा केसतोडा पुन्हा पुन्हा येत असेल, तर साखर तपासा. ती ठाऊक नसलेल्या बऱ्याच जणांचं निदान अशाच पुळ्यांवरून होतं.